पाच नंबरची घाई

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात वाळूचे सहा प्रशस्त हौद होते. नदीचे पाणी तुरटी घेऊन, अंगचा गाळ खाली टाकून, शेवटी या वाळूतून झिरपे आणि मगच शहराच्या नळांना लागे. जगाचा मळ आपल्या पोटात ठेवून घेणे हाच वाळूचा धर्म. पण पोट भरले की तिलाही स्नान घडवावे लागते. म्हणून दररोज प्रत्येक हौदात खालून वर पाणी सोडून वाळू धूत, आणि धुऊन झाल्यावरचे पहिल्या काही मिनिटांचे पाणी नळांकडे न पाठवता गटारात सोडून देत. कारण नुकती ढवळलेली वाळू पुन्हा आपापल्या जागी बसेपर्यंत पाणी थोडे गढूळच येते. या अवधीला केंद्रात 'निथळ' म्हणत.

झडपा उघडणे, मिटणे, वाळूखालून वारा सोडणे, निथळीची मिनिटे मोजणे, ही सगळी कामे गेली सत्तावीस वर्षे राखाडी लोखंडी कपाटातला एक जुना संगणक करीत असे. त्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. कपाटाची किल्ली दोघातिघांपाशी होती; आतली विद्या मात्र एकाच व्यक्तीपाशी. तिला मुख्य अभियंत्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे 'ताई' म्हणत.

ताई मूळच्या संख्याशास्त्राच्या पदवीधर. पाण्याच्या तपासणीचे तक्ते ठेवण्यासाठी त्या इथे लागल्या, तेव्हा संगणक त्यांनी लांबूनच पाहिलेला होता. यंत्र बसवून देणारा तज्ज्ञ वर्षभरात नोकरी सोडून गेला आणि मागे दोनशे पानांची एक पुस्तिका ठेवून गेला. त्या पुस्तिकेतली भाषा होती फोर्थ. तेव्हाही ती फार थोड्यांना येत असे. आता तर तिचे नाव सांगितले की समोरचा माणूस ते दुसऱ्यांदा विचारतो. "कुणीतरी शिकायला हवं," असे तेव्हाचे साहेब सभेत म्हणाले आणि सभेतल्या अकरा माणसांनी एकाच वेळी आपापल्या वह्यांत डोके घातले. ताईंनी घातले नाही, एवढाच काय तो त्यांचा अपराध.

पण शिकता शिकता त्या भाषेने त्यांना वेड लावले. ही भाषा बांधलेले घर देत नाही. विटा देते आणि बाजूला उभी राहते. लहान आज्ञा रचायची, तिच्या आधाराने जरा मोठी रचायची, त्या दोहोंवर तिसरी. आज्ञांना नावे कोणती द्यावीत यालाही बंधन नाही. ताईंनी ती आपल्या मायबोलीतलीच दिली: उघड, मीट, धू, निथळ. अक्षरे तेवढी रोमन, कारण यंत्राला दुसरी येत नव्हती. प्राचीन सूत्रकार एक अक्षर कमी करता आले तरी कृतार्थ होत, असे म्हणतात. त्याच निष्ठेने ताई एकेक ओळ घासूनपुसून लहान करीत. सहा हौदांचा अवघा संसार त्यांनी अकराशे ओळींत बसवला होता. आजच्या एखाद्या छायाचित्राला जेवढी जागा लागते, तिच्या शंभराव्या हिश्श्यातही तो सुखाने नांदे.

त्यांची कन्या दुसऱ्या शहरात एका मोठ्या संगणक-संस्थेत होती. ती दूरध्वनीवर आईची फिरकी घेई: "आई, तुझी भाषा येणारी जगातली सगळी माणसं आमच्या कॅन्टीनच्या एका टेबलाभोवती मावतील." यावर ताई शांतपणे म्हणत, "मावू देत. टेबल डुगडुगायला लागलं तर तुमच्यातल्या एकाला तरी पायाखाली कागदाची घडी सरकवता येते का?" कन्या हसे, परंतु दोघींनाही ठाऊक होते, की आईच्या निवृत्तीला दहा महिने उरले आहेत आणि तो प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही.

तो कार्यालयालाही पडला होताच. केंद्रात नवे अभियंता आले होते. वय पस्तिशीचे, वागणे मृदू, आणि मुख्य म्हणजे न समजलेल्या गोष्टीला 'समजली' म्हणण्याची सवय नसलेले. जुनी व्यवस्था काढून नवी आणायची झाल्यास तिच्याकडून नेमके काय करवून घ्यावे लागेल, याचा आराखडा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. आणि ताईंकडून मुख्य अभियंत्यांनी लेखी अभिप्राय मागवला होता: सदर जुनी भाषा पुढेही वापरात ठेवणे योग्य आहे काय? मुदत शनिवारपर्यंतची.

ताईंनी त्या अभिप्रायाची पहिली चार पाने रविवारीच लिहून ठेवली होती. सत्तावीस वर्षांत यंत्र किती वेळा बंद पडले (दोनदा, आणि दोन्ही वेळा वीज गेल्याने), दुरुस्तीला किती वेळ लागला, किती वेळा कुणा बाहेरच्या तज्ज्ञाला इथे पायधूळ झाडावी लागली (एकदाही नाही), असे सगळे त्यात होते. लेखणी घरच्यासारखी धावत होती. पुढे आपण नसू, निदान आपल्या ओळी असाव्यात, ही इच्छा त्यांनी त्या चार पानांत कुठेही लिहिली नव्हती; पण प्रत्येक पानामागे तीच उभी होती.

मंगळवारी सकाळी नवे अभियंता त्यांच्या टेबलापाशी आले. त्यांना फोर्थ वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी साधा मार्ग धरला होता. तीन आठवडे ते मनगटावरचे घड्याळ पाहत हौदांच्या कठड्यापाशी उभे राहिले आणि यंत्र प्रत्यक्ष काय करते ते लिहून काढले. तो तक्ता त्यांनी ताईंसमोर ठेवला. निथळीच्या रकान्यात पहिल्या हौदापुढे नऊ मिनिटे होती. दुसऱ्यापुढे, तिसऱ्यापुढे, चौथ्यापुढे नऊ. सहाव्यापुढे नऊ. पाचव्यापुढे सहा.

"पाच नंबरला सहाच का, ताई?" त्यांनी विचारले. "काही खास कारण असेल ना? वाळू वेगळी वगैरे? म्हणजे मी आराखड्यात तसंच धरतो."

प्रश्नात किंतु नव्हता. 'हो, वाळू जाड आहे' एवढे चार शब्द पुरले असते आणि या नव्या साहेबांनी ते विश्वासाने टिपून घेतले असते. ताईंनी तक्ता हातात घेतला, चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, "पाहून सांगते. गुरुवारपर्यंत द्या मला."

साहेब गेल्यावर त्यांनी छापील अकराशे ओळींची चळत उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही. पाव तासात ती जागा सापडली.

झाले होते ते असे. यंत्र पहिल्यांदा बसवले तेव्हा चाचणी पाचव्या हौदावर घेतली होती, कारण तो दाराजवळ होता. म्हणून पाचव्या हौदाच्या ओळी मजकुरात सर्वांत वर, मूळ आज्ञांना लागूनच राहिल्या. बाकीचे पाच हौद मागाहून, खाली आले. तेव्हा निथळ सहा मिनिटांची होती. सोळा वर्षांपूर्वी नदीवरची पाणी उचलण्याची जागा बदलली, पाणी अधिक गढूळ येऊ लागले, आणि रसायनतज्ज्ञांनी निथळ नऊ मिनिटांची करायला सांगितली. ताईंनी नव्या निथळीची ओळ लिहिली आणि मजकुरात घातली; जुनी वर तशीच राहिली. ती त्यांनी घातली पाचव्या हौदाच्या ओळींच्या खाली.

आणि या भाषेची रीत अशी, की यंत्र मजकूर वरून खाली एकदाच वाचते आणि वाचता वाचताच प्रत्येक आज्ञा पक्की करीत जाते. पुढे काय येणार आहे याची त्याला फिकीर नसते. गवंड्याने वरचा थर रचण्यापूर्वी खालचा वाळून गेलेला असावा, तसे. नव्या ओळीपर्यंत यंत्र पोहोचे तेव्हा पाचव्या हौदाची जुन्या निथळीशी गाठ पडून गेलेली असे. नंतरच्या पाचांना नऊ मिनिटे मिळाली; पाचवा सोळा वर्षे सहाच मिनिटे निथळत राहिला. नवशिक्याला हे पहिल्या महिन्यात शिकवतात. ताईंना ते इतके पाठ होते, की त्या ते विसरल्या.

त्यांनी आधी खाली जाऊन पाचवा हौद तपासणीसाठी म्हणून बंद करवला. मग परत येऊन बसल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना नाना आठवले. आठवले म्हणणेही खरे नव्हे; पान उघडल्या क्षणापासून नाना त्यांच्या खुर्चीमागे उभेच होते.

नाना म्हणजे फिल्टर हाऊसचे, अर्थात हौदांच्या दालनाचे, जुने परिचर. वाळू मुठीत धरून ती धुवायला आली की नाही हे सांगणारा माणूस. धुऊन झाल्यावर पाचव्या हौदाचे पाणी इतरांच्या दुप्पट गढूळ येते, असे तपासणीत वर्षानुवर्षे दिसत होते. मर्यादेच्या आत असे, पुढे क्लोरीनही होताच. पण दिसत होते. दोनदा वाळू बदलली, तरी तेच. तेव्हा नाना एकदा भर दुपारी जिना चढून वर आले होते आणि म्हणाले होते, "ताई, पाच नंबरला घाई आहे हो. धुऊन होत नाही तोच दार उघडतो." ताई तेव्हा हसून उत्तरल्या होत्या, "नाना, घाई माणसाला असते. यंत्राला कसली घाई?" खोलीतले सगळे हसले होते. नानाही थोडे हसले होते.

पुढे सात वर्षांपूर्वी दोन-तीन दिवस गढूळता मर्यादेला टेकली आणि चौकशी बसली. यंत्र सगळ्या हौदांना सारखेच वागवते काय, असे ताईंना लेखी विचारले गेले. ताईंनी छापील मजकूर जोडून खाली सही केली: सहाही हौदांना निथळीचा एकच नियम लागू आहे. यंत्र निर्दोष ठरल्यावर उरला माणूस. नाना यंत्राची झडप हाताने आधीच उघडत असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्यांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणाबद्दल समज' अशी नोंद झाली आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षे त्यांनी केंद्राच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिण्यात काढली. ते गेल्यावरही पाचव्याचे पाणी तसेच आले. पण तोवर 'पाच नंबर असाच' हे वाक्य केंद्रात रूढ झाले होते, आणि रूढ वाक्याला पुरावा कोणी विचारत नाही.

आता ताईंपुढे दोन वाटा होत्या, आणि त्यातली एक फारच गुळगुळीत होती. ओळ तीन पाने वर उचलून ठेवायची. दोन मिनिटांचे काम. साहेबांना सांगायचे, मोजण्यात काही गल्लत झाली असेल, पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्यावर नऊ भरतील. अकराशे ओळी वाचू शकणारा दुसरा जीव या शहरात नाही. चार पानांचा अभिप्राय तसाच जाईल आणि कदाचित आपल्या ओळी राहतील. उलट खरे लिहिले, तर ज्या भाषेची चूक सोळा वर्षे कळत नाही ती हवीच कशाला, असे कोणीही म्हणेल. आणि म्हणणाऱ्याला खोटे ठरवता येणार नाही.

त्या संध्याकाळी घरी त्यांचे भाजी चिरणे नेहमीपेक्षा बारीक होत होते. यजमान निवृत्त आरेखक; इमारतींचे नकाशे काढण्यात हयात गेलेली, म्हणून बारीकसारीक फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "तुला मला काही विचारायचंय, की सांगायचंय?"

"सांगायचंय."

"मग ऐकतो."

ताईंनी सगळे सांगितले. मग चिरलेली भाजी आपल्याकडे ओढून घेत यजमान म्हणाले, "एका जिन्याच्या नकाशात माझी एक पायरी चुकली होती. ओरडा गवंड्यानं खाल्ला. मी मूळ नकाशावर खोडरबर फिरवलं. तेहतीस वर्षं झाली. त्या इमारतीत अजून मी लिफ्टनं जातो."

लग्नाला तीस वर्षे झाली, पण ही गोष्ट ताईंनी पहिल्यांदाच ऐकली.

बुधवारी काम सुटल्यावर त्या नानांच्या घरी गेल्या. साहेबांना सांगण्याआधी ते नानांना कळायला हवे, एवढे त्यांच्या मनात स्पष्ट होते. ज्याचे हरवले त्याला आधी. नाना तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. दाराशी बसून ते शेजाऱ्यांच्या गळक्या नळासाठी रबराचा वॉशर कापत होते. ताईंना पाहून ते उठू लागले, तशा ताईच समोरच्या पायरीवर बसल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "पाच नंबरला खरंच घाई होती."

नानांची कात्री चालू राहिली. "होती म्हणजे?"

"सहा मिनिटं. बाकीच्यांना नऊ. सोळा वर्षं. चूक माझी होती."

नानांनी वॉशर पुरा कापला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, कडेचा एक तुकडा खुडला. आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते, आणि त्यांना नवऱ्याइतका धीर नव्हता.

"या घरात त्या पाच नंबरचं नाव सवतीसारखं घेतलं गेलंय, ताई," त्या म्हणाल्या. "जेवताना पाच नंबर, झोपताना पाच नंबर. मला वाटायचं, माणूस हेकट आहे. मीसुद्धा बोलले त्यांना."

"तू आत हो जरा," नाना म्हणाले. पण त्या हलल्या नाहीत, आणि नानांनीही पुन्हा सांगितले नाही. मग ताईंकडे न पाहता ते बोलू लागले. "चार वर्षं फाटकावर बसलो. फाटक वाईट नव्हतं, सावली होती. पण गाड्यांचे नंबर लिहायला मी तीस वर्षं वाळू नव्हती चाळली."

ताई म्हणाल्या, की शनिवारच्या अभिप्रायात त्या हे सगळे लिहिणार आहेत आणि नानांच्या सेवापुस्तकातली ती नोंद रद्द करावी अशी विनंतीही करणार आहेत.

"लिहाल हो," नाना म्हणाले. "कागदावर तेव्हाही लिहिलंच होतं तुम्ही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. नानांनी कात्री खाली ठेवली.

"दुरुस्त केलंत का?"

"नाही अजून. कालपासून तो हौद बंद ठेवलाय."

"मग करू नका," नाना म्हणाले. "आधी मला बघायचंय. सहाव्या मिनिटाला उघडताना. एकदा, डोळ्यांनी, चार माणसांत."

गुरुवारी सकाळी फिल्टर हाऊसच्या लांबलचक दालनात चार माणसे जमली: ताई, नवे अभियंता, सध्याचा परिचर आणि धुतलेला सदरा घालून आलेले नाना. उंच खिडक्यांतून आलेला उजेड सहा हौदांवर सारखा पसरला होता आणि क्लोरीनचा तो ओळखीचा, नाकाला किंचित झोंबणारा वास भरून राहिला होता. ताईंनी साहेबांना जे सांगायचे ते तिथेच, कठड्यापाशी उभे राहून सांगितले, चौकशीतल्या सहीसकट. साहेब ऐकत राहिले. मग हातातल्या आराखड्याचे पान उलटून खाली मान घालत म्हणाले, "मी सहा मिनिटं इथे लिहूनसुद्धा टाकलीत. नव्या व्यवस्थेतही तीच गेली असती."

खबरदारी म्हणून पाचव्या हौदाची नळांकडे जाणारी हातझडप परिचराने आवळून बंद केली, आणि धुणे सुरू झाले. वाऱ्याचे बुडबुडे उठले, मातकट पाणी वर आले, कडेच्या पन्हळीतून वाहून गेले. मग सगळे शांत झाले आणि निथळ सुरू झाली. नानांनी घड्याळ मनगटावरून काढून तळहातावर घेतले.

पाच मिनिटे गेली. साडेपाच. दालनात कोणी पाय हलवला नाही. सहावे मिनिट भरले आणि जमिनीखालच्या नळात खणकन आवाज झाला. नळांकडे पाणी सोडणारी यंत्राची झडप उघडली होती. नानांनी घड्याळ आधी साहेबांना दाखवले, मग परिचराला. ताईंना दाखवले नाही.

"हाच आवाज," ते म्हणाले. "हाच सांगत होतो मी."

त्यांनी नमुन्याच्या तोटीखाली काचेचा पेला धरला आणि भरून उजेडाकडे केला. पाण्यात धुक्याचा एक हलका पदर होता. पेला कठड्यावर ठेवून ते बाकावर टेकले आणि बराच वेळ बसून राहिले. त्यांना कोणी उठवले नाही.

वर कपाटापाशी आल्यावर ताईंनी खुर्ची साहेबांपुढे सरकवली आणि चळत त्यांच्या हातात दिली. "मला येत नाही हो ही," साहेब म्हणाले. "वरून खाली वाचा. मोठ्यानं," ताई म्हणाल्या. त्या पुढे काही सांगेनात. साहेब अडखळत वाचू लागले. पहिल्या पानावर ते तीनदा थांबले, दुसऱ्यावर एकदा. आधी वस्तू, मग कृती, अशी वाक्ये एकामागून एक येत गेली आणि त्यांचा सूर लागत गेला. पाचव्या हौदाच्या ओळी आल्या, मागे पडल्या. आणि त्यानंतर नव्या निथळीची ओळ आली तेव्हा साहेब वाचता वाचता थबकले, तीन पाने मागे गेले, परत पुढे आले.

"ही खाली आहे," ते सावकाश म्हणाले. "ही वर पाहिजे."

वाचायला घेतल्यापासून वीस मिनिटे झाली होती. ओळ त्यांनीच आपल्या हाताने वर नेली, तीही दोनदा तपासून. यंत्राने नवा मजकूर वाचून घेतला. पुन्हा खाली उतरून पुन्हा धुणे लावले. या खेपेला सहावे मिनिट आवाज न करता निघून गेले. नवव्याला झडप उघडली. नानांनी दुसरा पेला भरला आणि पहिल्याशेजारी ठेवला. मग परिचराला हाताने जवळ बोलावून दोन्ही पेले दाखवले.

जिना चढताना साहेबांनी विचारले, "ताई, खरं सांगा, ही भाषा ठेवण्यासारखी आहे का?"

ताई तीन-चार पायऱ्या तशाच चढल्या. "भाषेनं काही लपवलं नव्हतं, साहेब. सोळा वर्षं पानावर उघडंच होतं. वाचणारी मी एकटी, आणि माझंच लिहिलेलं वाचत होते. म्हणजे वाचतच नव्हते."

शनिवारी दिलेल्या अभिप्रायात आधीच्या चार पानांतले एकच पान उरले होते. पुढच्या पानावर चूक होती: कशी झाली, कधी झाली, कोणाच्या हातून झाली आणि ती कोणाच्या नावावर मांडली गेली. त्याखाली ताईंनी लिहिले होते, की भाषा जुनी आहे किंवा अल्पपरिचित आहे म्हणून ती टाकू नये, आणि आजवर चालली म्हणून ठेवूही नये. जी वीस मिनिटांत तिची ओळख नसलेल्या, पण सावध माणसाला वाचता आली, ती निरुपयोगी नाही. मात्र जिला एकच वाचक आहे, अशी कोणतीही भाषा, जुनी असो वा नवी, शहराच्या पाण्यावर नेमणे योग्य नाही. दुसरा वाचक मिळत असेल तर ती ठेवावी. मिळत नसेल तर काढावी, आणि काढताना आपल्याला हळहळ वाटेल याचा विचार करू नये.

निर्णयाला तीन आठवडे लागले. मुख्य अभियंत्यांनी फिल्टर हाऊसची जुनी व्यवस्था तीन वर्षांसाठी कायम केली. अट अशी, की ताईंच्या निवृत्तीपूर्वी दोन माणसांनी ती वाचण्याची परीक्षा द्यावी. पहिले नाव नव्या अभियंत्यांनी स्वतःचेच घातले. दुसऱ्या नावासाठी सभेत पुन्हा वह्यांत डोकी जाऊ लागली, तेव्हा मागच्या रांगेतून परिचराने हात वर केला. तो केवळ नमुन्यांच्या बाटल्या घेऊन आत आला होता.

नानांच्या सेवापुस्तकातली नोंद रद्द झाल्याचे पत्र निघाले, आणि त्याच दिवशी ताईंच्या नावाचेही एक पत्र निघाले. नानांचे पत्र ताई स्वतः घेऊन गेल्या. नानांनी ते दोनदा वाचले, पत्नीला वाचून दाखवले आणि घडी घालून खिशात ठेवले. मग त्यांचे लक्ष ताईंच्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडे गेले.

"ते काय?"

"माझं," ताई म्हणाल्या.

नानांनी हात पुढे केला. चष्मा लावून त्यांनी तो कागद सुरुवातीपासून वाचला आणि वाचता वाचता त्यांच्या मिशीत काहीतरी हलले.

"निष्काळजीपणाबद्दल समज. शब्द न् शब्द तोच आहे," ते म्हणाले. "कागद नवा घेतला, मजकूर माझाच वापरला." त्यांनी पत्नीला हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितले आणि कागद ताईंना परत देत खालच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवले. "इथे पोचल्याची सही करून द्यावी लागते. बसून करा. उभ्यानं केली की वाकडी येते. माझी आली होती."

ताई दाराशेजारच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी सही केली.